हप्ता का थांबला?

प्रश्न : मालक मागच्या पौषात गेले. पीएम किसानचे दोन हजार आता येत नाहीत. सव्वा एकर सोयाबीन आहे, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. पैसे मला मिळतील का? – एक वाचक, जि. वाशिम

उत्तर : मिळतील ताई, पण आधी सातबारा. मी एकवीस वर्षं तलाठी होतो. हप्त्यासाठी धावणारी माणसं वारस नोंदीला मात्र वर्षवर्ष लावतात. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. सहा-क म्हणजे वारसांच्या वहीत नोंद होते, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावबदल. एरवी 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेल्या जमिनीला हा पैसा नाही. वारसाने आलेल्या जमिनीला ती अट लागत नाही.

नाव चढलं की तुमच्या नावाने नवी नोंदणी. त्याला शेतकरी ओळख क्रमांक लागतो, ई-केवायसीही. मालक गेल्यानंतर त्यांच्या खात्यात एखादा हप्ता पडला असेल तर काढू नका, तो परत करावा लागतो.

आणखी एक. पैसा पासबुकावरच्या नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. आमच्या गावची एक म्हातारी सात महिने तालुक्याला खेटे घालत होती. पैसे बचत गटासाठी उघडलेल्या खात्यात निवांत पडून होते!

राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे सहा हजार वेगळे. त्याला निराळा अर्ज नको, केंद्राच्या यादीत नाव आलं की झालं.