एटीव्हीचं हँडल जड लागतंय? आधी हवा बघ

एटीव्ही म्हणजे जाड टायरची, हँडलने वळवायची खडबडीत रस्त्यावरची चारचाकी. तिचं हँडल जड लागत असेल किंवा ती एका बाजूला ओढत असेल, तर स्टिअरिंग उघडायची घाई करू नकोस. आधी टायर गार असताना हवा मोज, तीही कमी दाबाच्या गेजने. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा मुळातच ५-७ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास असते, त्यामुळे एका बाजूला दीड-दोन पीएसआय कमी झाली तरी गाडी तिकडे ओढते. आकडा मात्र तुझ्या गाडीच्या स्टिकरवरचाच धर. फोर-व्हील (चारही चाकांना ताकद) किंवा डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरवणारं कुलूप) चुकून चालू राहिलाय का, तेही बघ. हसू नकोस, मी स्वतः अर्धा दिवस यात घालवलाय!

मग पुढची चाकं उचलून, खाली भक्कम स्टँड लावून हँडल फिरव. तरीही जड? दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारे दांडे) सोडवून पुन्हा फिरव. आता हलकं झालं तर दोष बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारा सांधा) किंवा नकलकडे (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग). नाही झालं तर स्टिअरिंग स्टेमच्या (हँडलखालचा उभा दांडा) बुशमध्ये, म्हणजे तो दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात. तिथे बहुतेक वेळा चिखल सुकून दगड झालेला असतो. नुसतं वरून तेल मारून भागत नाही, बुश काढून साफ कर, ग्रीस भर.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर उचललेलं चाक हाताने फिरवून बघ. ब्रेक घासत असेल तर ते लगेच अडतं. वाकलेला टाय रॉड सरळ करत बसू नकोस, बदल.