नाणं आशियाडचं, विजय जकार्ताचा

प्रश्न : माझे सासरे भुसावळला रेल्वेत होते आणि फुटबॉलचे भारी शौकीन. ते गेल्यावर त्यांच्या डब्यात दोन रुपयांचं जुनं नाणं मिळालं. त्यावर 1982 साल आणि आशियाई स्पर्धेचं बोधचिन्ह आहे. ‘आपण फुटबॉलात सोनं जिंकलं, त्याचं हे नाणं,’ असं ते सांगायचे. भाचा म्हणतो, मोबाइलवर एक जण याचे दोन लाख देतोय, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे. काय करू?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, आधी भाच्याला थांबवा. जुनं नाणं विकत घेतो म्हणणारा तुमच्याकडूनच शुल्क किंवा कमिशन मागत असेल, तर तो फसवतोय. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच लोकांना याबाबत सावध केलं होतं. बँकेच्या नावानं असं कमिशन मागायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही.

तुमचं नाणं दिल्लीच्या नवव्या आशियाडचं. त्या निमित्तानं सरकारनं 25 पैसे, 2, 10 आणि 100 रुपयांची नाणी काढली. चांदी होती ती शंभराच्या नाण्यात. दोनाचं तांबं-निकेलचं, तेव्हा जळगावच्या सराफ बाजारात खेप घालू नका. सालाखाली बारीक हिऱ्यासारखी खूण दिसली तर ते मुंबई टाकसाळीत पडलेलं. पंचवीस पैसे 2011 मध्ये चलनातून गेले, दोन रुपये अजून चालतात. चिंच किंवा राख लावून मात्र घासू नका. घासलेलं नाणं संग्राहक हातात घेत नाही.

आता सोन्याचं. 1982 ला आपला संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून एका गोलानं हरला. आशियाडचं सोनं आपण दोनदा जिंकलं : 1951 ला दिल्लीत इराणला हरवून, आणि 1962 ला जकार्तात. सासऱ्यांच्या मनात बहुधा जकार्ताच असणार, कारण तो विजय विसरण्यासारखा नाहीच. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला 2-0 नं हरवलं होतं. बचावपटू जर्नेलसिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याच जर्नेलसिंगना उपांत्य फेरीत पुढच्या फळीत उतरवलं आणि त्यांनी गोल केला. 4 सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया. प्रेक्षक आपल्या विरोधात ओरडत होते. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, काही मिनिटांत जर्नेलसिंगनी दुसरा, आणि सामना 2-1 असा आपला झाला. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगानं पोखरलं होतं. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

त्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी यांच्यावर 2020 मध्ये टपाल तिकीट निघालं, त्याचा मला फार आनंद झाला. पण स्पर्धा भरवल्याचं नाणं निघतं, तर ती जिंकल्याचंही निघायला हवं, आणि त्यावर रहीमसाहेबांचा चेहरा हवा. स्मारक नाणं काढायचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा. त्याची अधिसूचना राजपत्रात येते आणि मग टाकसाळ कामाला लागते. भुसावळात सासऱ्यांच्या बरोबरीनं खेळलेली जी मंडळी असतील, त्यांना गोळा करून मंत्रालयाला एक पत्र धाडा. माझं पत्र या आठवड्यात जाईल.