गॅदरिंगच्या दिवशीच आजारी पडलेला मुलगा

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुण्यात इंग्लिश मीडियमला दुसरीत आहे. तिच्या वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर आलेला एक मुलगा आहे, त्याची आई आमच्याच सोसायटीत पोळ्या करते. गॅदरिंगच्या ड्रेसचे १२०० रुपये मागितले आणि हा नेमका त्या दिवशी आजारी पडला. लेक विचारते, खरंच आजारी होता का गं? मला उत्तरच सुचलं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललेलं असतं की यांच्या फीचा भुर्दंड आपल्यावर, शिवाय वर्गाची लेव्हल खाली येते. खरं आहे का हे?
– एक आई, पुणे

उत्तर : तुमच्या लेकीला जो प्रश्न पडला तो अख्ख्या ग्रुपला पडला नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं आणि तिचं कौतुकही वाटलं.

आधी फीचं. २००९ च्या या आरटीई कायद्याने विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि गरीब घरांतल्या मुलांना आहेत, त्याचे पैसे सरकार शाळेला देतं. ते फीपेक्षा कमी असतात, वर्षानुवर्षं थकतातही, त्यामुळे शाळांची ओरड खोटी नाही, पण तो हिशोब सरकारशी करायचा, सात वर्षांच्या पोराशी नाही. आणि शिक्षणाच्या आड येईल असा कुठलाच खर्च मुलाकडून घ्यायचा नाही असं हाच कायदा म्हणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देऊन टाकली होती, म्हणजे गरिबांची पोरं तिकडे आणि आपली इकडे. पालक कोर्टात गेले, जुलैमध्ये हायकोर्टाने ती सूट रद्द केली म्हणून बरं.

आता लेव्हल. गौतम राव या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीच्या खासगी शाळांत नेमकं हेच तपासलं, २०१९ ला ते छापून आलंय. गरीब मुलांसोबत शिकलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, भेदभाव कमी करायला लागली, हिंदी-गणिताच्या मार्कांवर परिणाम नाही, इंग्रजीत किंचित घट. मला विचाराल तर इंग्रजी काय, भरून काढता येतं हो, पण पोळ्यावाल्या मावशींचा मुलगा आपल्यासारखाच असतो हे विशीत शिकवायला गेलं तर शिकत नाही कुणी.

लेकीला सांगा, मलाही नक्की माहीत नाही, पण ड्रेस महाग होता आणि तेवढे पैसे सगळ्यांकडे नसतात. शाळेत जाऊन म्हणा की पुढच्या वर्षी घरातल्या कपड्यांवर नाच बसवा. ग्रुपवर त्याच्या नावाने वर्गणी मात्र काढू नका, त्या माऊलीला ते १२०० रुपयांपेक्षा जड जाईल. आणि त्याला घरी खेळायला बोलवा, वर येताना कामवाल्यांच्या लिफ्टने नाही, तुमच्या लिफ्टने.

प्रश्न : माझी मुलगी आरटीईतून आठवीत आहे. शाळा म्हणते नववीची फी भरा. मी धुणीभांडी करते, कुठून भरू?

उत्तर : ताई, सांगताना जीवावर येतं, पण हा कायदा आठवीपर्यंतच आहे. शाळेकडे फीमाफी मागून बघा, लेखी अर्जच द्या. नाहीच जमलं तर जवळच्या अनुदानित शाळेत सेमी इंग्लिशची तुकडी आहे का ते आत्ताच बघून ठेवा, निकालापर्यंत थांबू नका, जागा भरतात. तिथे आपल्या राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नाही.