पाळकाचं काम सोडलं म्हणजे दीक्षाही सुटली का?

प्रश्न : मुलगा ३१ वर्षांचा आहे. बी.ए.नंतर सेरामपूर विद्यापीठाची बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) केली, पाळकपदाची दीक्षा झाली. चार वर्षं सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) एक मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, सांभाळतोय. आता म्हणतो, पाळकाचं काम सोडतो, मला शिकवायचंय. आमच्या तीन पिढ्या चर्चच्या सेवेत गेल्या. लोकांना काय तोंड दाखवू? एवढं शिक्षण वाया जाणार का?
– एक वडील, अहिल्यानगर जिल्हा

नमस्कार.

‘सोडतो’ म्हणजे नेमकं काय सोडतो, हे पत्रात कुठेच नाही. मंडळीची जबाबदारी, दीक्षा की श्रद्धा? तुम्ही तिन्हींचं एकच गाठोडं बांधून काळजी करताय.

बार्बरा ब्राउन टेलर यांचं उदाहरण सांगतो. त्या अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या. तुमच्या सीएनआयसारखंच तेही जागतिक अँग्लिकन परिवारातलं, त्यामुळे बिशप, दीक्षा, उपासना हे सगळं तुम्हाला ओळखीचं वाटेल. १९८४ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. आधी अटलांटात काम केलं, मग १९९२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या क्लार्क्सव्हिल या छोट्या गावात गेल्या. प्रवचनकार म्हणून नाव मोठं, चर्च मात्र इवलंसं. गर्दी इतकी वाढली की रविवारी चार-चार उपासना घ्याव्या लागल्या. शिवाय आजारी माणसं, मयतं, सभा. ज्या देवासाठी आलो त्याच्यासाठीच वेळ उरेना. १९९७ मध्ये त्यांनी मंडळी सोडली आणि जवळच्याच पिडमाँट कॉलेजात धर्म हा विषय शिकवू लागल्या. हिंदू मंदिर, मशीद असं विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवायच्या. २०१७ पर्यंत शिकवलं. दीक्षा मात्र कायम राहिली. माणसाला उभं राहून, गोष्ट सांगत, समोरच्याला धरून ठेवता येणं हे व्यासपीठावर चाललं तसंच वर्गातही चाललं. तुमच्या मुलाचं शिक्षण वाया जाण्याचा मुद्दा इथेच संपला.

त्यांच्या आठवणीतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. मंडळी सोडण्याच्या सुमारास एका मेजवानीत लोक एकमेकांना कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात ढकलत होते. आजवर पाद्रीबाईंना कोणी हात लावला नव्हता. त्या दिवशी कोणीतरी दंड धरून त्यांनाही ढकललं, आणि बाईंना आनंद झाला! चारचौघांसारखं भिजायला मिळालं. मुलाला एकदा सहज विचारा, मंडळीतलं कोणी शेवटचं त्याच्याशी साध्या मित्रासारखं कधी बोललं होतं?

आता दुसरं उदाहरण. ॲलन वॉट्स हेही एपिस्कोपल धर्मगुरू, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅप्लेन, म्हणजे विद्यापीठाचे पाळक, होते. १९५० मध्ये त्यांनी चर्चच सोडलं आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत आशियाई तत्त्वज्ञान शिकवू लागले. लोकांना ते झेन या बौद्ध पंथावर बोलणारे म्हणून आठवतात. संसार मोडत होता, आणि चर्चच्या चौकटीतही मन रमत नव्हतं. बाहेरून पाहिलं तर दोघंही पाळकाचे शिक्षक झाले, पण दुखणं वेगळं होतं.

तुमच्या मुलाचं दुखणं कुठलं, हे आधी कळू द्या. दोन आठवडे त्याने रोज रात्री वहीत लिहावं, आज कुठल्या कामाने जीव थकला आणि कुठल्या कामात घड्याळाचा विसर पडला. तरुण संघाचा वर्ग घेताना खुलतो आणि कमिटीच्या भांडणांनी पिचतो, असं निघालं तर शिकवण्याचा मार्ग खरा. प्रार्थना म्हणतानाच जीभ अडखळत असेल, तर आधी विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाशी बोलू द्या. करिअरचं नंतर पाहू.

कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा लागेल. शाळेसाठी बी.एड. समुपदेशन, समाजकार्याकडे ओढा असेल तर कोणत्याही पदवीवर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करता येतं, दोन वर्षांचं. बी.डी. कुठे, कशासाठी धरतात हे त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

लोकांचं म्हणाल, तर नगरकरांना मी काय सांगावं! कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलंच की. त्यांना अजून कोण नावं ठेवतं?

एक मात्र घाईने करू नका. तो चर्चच्या आवारातल्या घरात राहत असेल, तर राजीनाम्याबरोबर घरही जाईल. आधी प्रवेश पक्का, मग भाड्याची खोली, मग बिशपसाहेबांची भेट. कागद त्यानंतर.