आईने कधी विडी ओढली नाही, तरी सीओपीडी कसा झाला? आणि आता घरी काय करायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजले: आई 61 वर्षांची, निम्मं आयुष्य गावाकडे चुलीपुढे गेलं, तंबाखूला कधी हात लावला नाही. डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट करून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा रोग, सांगितला आणि रोटाकॅप, म्हणजे छोट्या यंत्रात घालून तोंडाने ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, लिहून दिल्या. मावशी म्हणते अशा ओढायच्या औषधाची, पंपाची, सवय लागते, मामा म्हणतात ऑक्सिजनचं मशीन घेऊन टाका. तुम्हाला हवंय ते एवढंच की हा रोग बरा होतो का, आणि घरी काय करायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात छातीच्या पेशंटना श्वासाचे व्यायाम शिकवते. औषध बदलणं माझं काम नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण दोन तपासण्यांच्या मधले जे दिवस घरात काढायचे असतात, त्यांच्याबद्दल मला बरंच माहीत आहे.

कारण तुम्हीच प्रश्नात लिहिलंय: चूल. विडीशिवाय सीओपीडी होत नाही हा समज डॉक्टरांमध्येसुद्धा बरीच वर्षं होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की जगातल्या सीओपीडीच्या पेशंटपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण सरपण-गोवऱ्यांचा धूर असू शकतं. आमच्याकडच्या बायकांना विचारा: पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडं. जाळ विझला की फुंकणी तोंडाला लावायची, आणि जोरात फुंकण्यासाठी आधी खोल श्वास घ्यायचा, तोही त्याच धुरातला. हे दिवसातून दोनदा, लहानपणापासून. आईला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा, टीबीनंतरही नळ्या कायमच्या अरुंद राहू शकतात.

बरा होतो का? नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही. पण धाप कमी करता येते, बिघाडाचा वेग कमी करता येतो, आणि धाप लागते म्हणून खाटेला खिळलेली बाई पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ शकते, हे मी कायम बघते.

आता मुद्द्याचं. घरच्यांना वाटतं की पेशंटला श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण उलटी आहे: श्वास बाहेर सोडता येत नाही. फुफ्फुसाची लवचिकता गेलेली असते आणि बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात, त्यामुळे जुनी हवा आतच अडकते. त्यात चालताना श्वासाची घाई झाली की पहिली हवा बाहेर पडायच्या आत दुसरी आत येते. एसटीतले उतरायच्या आधी खालचे चढले की जे होतं, तेच छातीत होतं. टेस्टमध्ये हेच मोजतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, याचं गुणोत्तर काढतात. नळ्या उघडणारं औषध देऊन 15-20 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावूनही ते 0.70 च्या खाली राहिलं तर सीओपीडी. छातीचा फोटो कधी कधी अगदी स्वच्छ येतो, त्यामुळे 'फोटोत तर काही नाही' असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं. धाप लागल्यावर 'मोठा श्वास घे, मोठा श्वास घे' असं म्हणणारे नातेवाईक नकळत त्रास वाढवतात. म्हणायचं असेल तर 'सोड, हळू सोड' म्हणा. नाकाने श्वास घ्यायचा, दोन अंक मोजेपर्यंत. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडायचा. जोर लावायचा नाही. ओठ असे आवळून धरले की नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या मिटत नाहीत. हा सराव आई शांत बसलेली असताना करून घ्या, धाप लागल्यावर नवीन काही शिकता येत नाही.

मग हेच कामाला जोडायचं. उठताना, वाकताना, वजन उचलताना श्वास सोडायचा. जिना चढताना थांबून श्वास घ्यायचा आणि सोडता सोडता एक-दोन पायऱ्या चढायच्या. आमच्याकडे बायकांची हमखास तक्रार असते ती चालण्याची नाही, वेणी घालण्याची. हात डोक्यावर गेले की धाप लागते, कारण मान-खांद्याचे जे स्नायू एव्हाना श्वासाला मदत करत असतात तेच हात उचलण्यात गुंततात. त्यावर उपाय साधे आहेत: कोपर टेबलावर टेकवून वेणी घालायची, किंवा सुनेने-नातीने घालून द्यायची. अंघोळ स्टुलावर बसून करायची. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा पंचा गुंडाळून पाच मिनिटं बसायचं. कणीक जमिनीवर परातीत वाकून मळू नये, ओट्याशी उंच स्टूल ठेवावं. एका वेळी पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा खावं, भरलेलं पोट छातीच्या पडद्याला वर रेटतं. वजन उतरत असेल तर मात्र ते चांगलं लक्षण समजू नका. या रोगात मांड्या-दंडांचे स्नायू झिजतात, त्यामुळे डाळ, अंडी, दूध जे चालत असेल ते वाढवा.

आणि चालणं बंद करू नका. 'दम लागतो ना, मग बस तू' हे प्रेमापोटी बोललं जातं आणि त्यानेच पेशंट अधू होतो. बसून राहिलेले पाय कमकुवत होतात, कमकुवत पायांना तेवढ्याच अंतरासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, धाप आणखी लवकर लागते. चालताना अडखळत का होईना बोलता आलं पाहिजे, एवढा वेग पुरे. जवळच्या मोठ्या रुग्णालयात पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठी देखरेखीखाली व्यायामाचा वर्ग, आहे का, ते विचारा. साधारण 6 ते 8 आठवड्यांचा कार्यक्रम असतो.

आता मावशीचं म्हणणं. पंपाची सवय लागत नाही. रोग कायमचा आहे म्हणून औषध कायमचं असतं. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. उलट औषध थेट नळ्यांत जात असल्यामुळे गोळीच्या मानाने अगदी थोडं पुरतं. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देणारी ठिकाणं आपल्याकडे बरीच आहेत. श्रद्धेने जायचं तर जा, पण त्या नादात पंप सोडू नका. गावातल्या 'दम्याच्या पुड्या' मात्र साफ टाळा. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आठ दिवस छान वाटतं आणि पुढे हाडं, साखर, सगळंच बिघडतं.

खरी भानगड सवयीत नाही, घेण्याच्या पद्धतीत असते. रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही आईसमोर बसून एकदा बघा. कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली करून यंत्राच्या वरच्या चौकोनी भोकात बसवायची, तळ फिरवून ती उघडायची. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा. यंत्रात फुंकायचं नाही, ओलाव्याने पावडर चिकटते. ओठ घट्ट लावून जोरात आणि खोल ओढायचं, 10 सेकंद धरता आलं तर धरायचं. आत पावडर दिसली तर पुन्हा ओढायचं. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आईला जोरात ओढता येत नसेल तर हट्ट धरू नका, डॉक्टरांना स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) लावून फवाऱ्याचा पंप मागा. त्यात श्वास सावकाश ओढायचा असतो.

घरातला धूर कमी करणं तुमच्याच हातात आहे. गॅस आला म्हणजे धूर गेला असं नसतं, अंघोळीचं पाणी अजून बंबावर तापतं, भाकरी चुलीवरचीच गोड लागते. बंब आईच्या खोलीपासून लांब न्या किंवा बंदच करा. डासांची कॉइल नको, मच्छरदाणी लावा. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. उदबत्ती-धूप दुसऱ्या खोलीत. दिवाळीचे फटाके आणि थंडी एकत्र येतात ते दिवस सगळ्यात वाईट, तेव्हा पहाटे फिरायला नेऊ नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) डॉक्टर सांगतील तशी.

धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका जास्त पडू लागला किंवा पिवळा-हिरवा झाला, की दोन दिवस वाट बघू नका. प्रत्येक असा झटका फुफ्फुसाची थोडी ताकद घेऊन जातो. ओठ निळसर, वाक्य पुरं करता येत नाही, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा.

राहिलं मामांचं मशीन. विश्रांतीतही रक्तातला ऑक्सिजन फार कमी असणाऱ्यांना, म्हणजे साधारण 88 टक्के किंवा त्याखाली, दिवसातले 15 तास किंवा जास्त ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढतं, हे 1980 आणि 1981 सालच्या अमेरिकन आणि ब्रिटिश चाचण्यांत दिसलं. मध्यम कमतरता असणाऱ्यांना मात्र 2016 च्या अमेरिकेतल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. धाप लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करोनात घेतलेलं बोटाचं यंत्र कपाटात असेलच, आई शांत बसलेली असताना लावून आकडे लिहून ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. मशीन लागलंच तर किती लिटरवर ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि त्याची चकती 'जास्त दिला तर जास्त बरं' म्हणून कोणी फिरवू नये. काही पेशंटमध्ये जास्तीच्या ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं दुखतं, झापड येते. म्हणून अशांना 100 नव्हे, 88 ते 92 च्या दरम्यानच ठेवतात. आणि मशीन चालू असताना त्या खोलीत देवाचा दिवासुद्धा नको.