ट्रॉलीचा जुना जॅक वापरून घरीच ट्रॅक्टरला फ्रंट लोडर करता येईल का? किती टन उचलेल?

ट्रॉलीचा जॅक लावू नका. तो एकाच बाजूला ढकलतो, खाली यायला त्याला ट्रॉलीचं वजन लागतं. लोडरची, म्हणजे ट्रॅक्टरपुढच्या आर्मच्या टोकाची बकेट खाली दाबावीही लागते, म्हणून डबल अ‍ॅक्टिंग, म्हणजे दोन्ही बाजूंना जोर लावणारे जॅकच घ्या, आर्मला दोन आणि बकेटला दोन, आणि तेल कुठल्या जॅकला सोडायचं ते ठरवणारा दोन लिव्हरचा डिस्ट्रिब्युटर. एवढं कुठलाही फॅब्रिकेशनवाला सांगेल. मी लिहायला बसलो ते 'किती टन' या शब्दांमुळे. त्यावरून आमच्या घरात आठ वर्षं वाद चालू आहे.

आमचा लोडर मी आणि दादाने शेडमध्ये स्वतः केला, एकूण एक वेल्डिंग माझं, आणि त्यातलं एकही आजवर सुटलेलं नाही. आर्मचे जॅक ६३ मिमी बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे. तेलाच्या १५० बार दाबाला एक जॅक पावणेपाच टन ढकलतो, दोन मिळून साडेनऊ. दादाने हाच आकडा धरून ठेवला. पण जॅक बसतो आर्मच्या मुळाशी. आमचा आर्म सव्वादोन मीटर, आणि जॅकचा जोर लागतो मुख्य पिनेपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर. म्हणजे बकेटपाशी साडेसातावा भाग उरतो. त्यातून आर्मचं आणि बकेटचं वजन वजा करा, टनाच्या आतच राहतं.

शेणखत भरायला ते भरपूर होतं. मग विहिरीचं काम निघालं आणि काळे दगड हलवायची वेळ आली. दीड हात लांब, तितकाच रुंद आणि उंच दगड टनाचा भरतो. लोडर त्याला उचलेना. तेलाचा दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह तेल सोडून देतो. दादाने मला न सांगता त्याच्या स्प्रिंगखाली दोन वायसर घातले, म्हणजे दाबाची हद्द वाढवली.

दुसऱ्या दिवशी दगड उचलला गेला. जागा उताराची, तोंड ओढ्याकडे. ट्रॅक्टर सरळ ओढ्याकडे निघाला. दादा दोन्ही पेडलांवर उभा राहिला, तरी थांबेना. मी डाव्या बाजूला होतो. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं आणि फिरत नव्हतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाक पक्कं धरलेलं होतं, म्हणजे ब्रेक लागलेला होता. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि ती चाकं जमिनीवर टेकलेलीच नव्हती. मी ओरडलो, "दादा, बकेट सोड!" दगड खाली गेला, मागची चाकं आदळली आणि ट्रॅक्टर जागेवर थांबला. पुढच्या उजव्या चाकाचा स्टब अ‍ॅक्सल, म्हणजे चाक बसतो तो आखूड दांडा, वाकला होता.

दादा आजही सांगतो, ब्रेक फेल झाले.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की लोडर किती उचलेल हे जॅकवर नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या वजनावर ठरवा. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, त्यातले बाराशे किलो मागे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे ९०० किलो धरले की मागचे जवळपास सातशे तिथेच गेले, लोडरचं वजन वेगळंच. आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर अडीच टन येतात, नेहमीच्या तिप्पट. मागे अवजारं जोडायच्या थ्री पॉइंटला काँक्रीट भरलेली पेटी लावा, किमान पाचशे किलोची. पेटी नसेल तर लोडर चालवू नका. रिलीफ व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. व्हॉल्व्ह 'उचलत नाही' म्हणाला की ते वजन तुमच्या ट्रॅक्टरचं नाही.

हे आकडे आमच्या मापांचे आहेत, तुमचा आर्म आणि पिनांची जागा मोजून तुमचे काढा. तेलाचे पाइप दोन तारांचेच, म्हणजे आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेले घ्या. पाइप झिरपत असेल तर हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाने तेल कातडीत घुसतं आणि वरून टाचणीच्या टोकाएवढंच दिसतं, पण तसंच दवाखान्यात पळायचं. आर्मखाली जायचं असेल तर आधी लोखंडी टेकू.

आणि दादाने तेव्हा बदलून घेतलेल्या ब्रेकच्या प्लेटा मी टाकल्या नाहीत. शेडच्या फळीवर आहेत, अजून निम्म्याही झिजलेल्या नाहीत.