फाटकाशी माणसं मोजणारे पाळकसाहेब

प्रिय रूथ,

सुमनआत्याच्या दफनाचा व्हिडिओ बघताना तू आपल्या चर्चच्या पाळकांबद्दल विचारलंस, "पाळकसाहेब प्रार्थना करायची सोडून फाटकाशी माणसं का मोजतायत? त्यांना वाईट वाटत नव्हतं का?" मी एवढंच म्हटलं की तेव्हा तसा नियम होता. उत्तर खरं होतं, पण तुझा चेहरा बघून कळलं की ते पुरलं नाही. म्हणून हे पत्र. उपदेश नाही, घाबरू नकोस.

२०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आपल्यात कुणी गेलं की चर्चची सगळी मंडळी येते, आत्याच्या सासरचे, माहेरचे, रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या तिच्या मुली. त्यातून वीस निवडायचे. पेटी उतरवणारे चार-सहा आणि खणणारे दोघे-तिघे धरले, तर घरच्यांना जेमतेम दहा-बारा जागा उरतात. ही यादी कोण करणार? घरच्यांवर सोपवली तर भावंडांत जन्माचा अबोला. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर सोपवली तर कमिटीवाल्यांचे व्याही आधी आत. पाळकाने "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलं तर राग पाळकावर निघतो, घरात मुरत नाही. मला वाटतं, ते फाटकाशी उभे होते ते यासाठीच. वाईट वाटत होतं की नाही, ते व्हिडिओत दिसत नाही.

एरवीच्या दिवसांतही प्रार्थना ही त्या कामातली सगळ्यात छोटी गोष्ट. रात्री फोन आला की पाळकाचा पहिला प्रश्न असतो, डॉक्टरांचा दाखला मिळाला का? त्याशिवाय पालिकेची नोंद होत नाही आणि दफनभूमीची पावती फाटत नाही. मग घराण्याची जुनी कबर उघडायची की नवी जागा, हे ठरतं. जुनी उघडायची तर शेवटचं दफन कधी झालं ते नोंदवहीत बघावं लागतं, घरच्यांच्या आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही. पेटीचं माप खणणाऱ्यांना आधी कळवावं लागतं आणि खड्डा चारी बाजूंनी पेटीपेक्षा चांगला सैल ठेवावा लागतो. घट्ट बसला तर दोर सोडताना डोक्याकडची बाजू आधी खाली जाते, पेटी तिरकी अडकते, आणि मग रडणाऱ्या घरापुढे ती वर ओढून पुन्हा सोडायची. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडा ढासळतात, खाली पाणी साचतं. म्हणून जाणता पाळक रात्री खणू देत नाही, पहाटे खणायला लावतो आणि उपसायला बादली-दोर जवळ ठेवतो. हे सगळं झाल्यावर मग तो पांढरा झगा घालून "मातीस माती" म्हणतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की एवढंच केलं.

त्या वर्षी यात भर पडली. ३० मार्चला मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं, की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं दहन होईल, धर्म कुठलाही असो. काही तासांत ते मागे घेतलं गेलं. पण तेवढ्यात ज्या घरांनी पाळकांना फोन केले, त्यांना काय सांगायचं? दहनाने पुनरुत्थान अडत नाही, हे रविवारी व्यासपीठावरून सांगणं वेगळं आणि रात्री दीड वाजता लेकीला फोनवर सांगणं वेगळं.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली. पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. दारं बंद होती तेव्हा दानार्पणाची थाळी फिरली नाही. खेड्यातल्या मंडळीचा सगळा हिशोब त्या थाळीवर. म्हाताऱ्यांना फोनवरून पैसे धाडता येत नव्हते आणि पाळकाला मागता येत नव्हते. त्यातच, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला पाव-द्राक्षरसाचा विधी, घरच्या पावावर पडद्यावरून चालतं का, यावर वाद. काहींनी ते केलं, काहींनी दार उघडेपर्यंत थांबवलं. दोन्हीकडची माणसं दुखावली.

संकटात पाळकाकडे बोट दाखवणं आपल्याला नवं नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने माणसं जगवली. नगरच्या ह्यूमसाहेबांना, त्या अमेरिकन मिशनऱ्याला, त्या कामासाठी १९०१ साली कैसर-इ-हिंद पदक मिळालं. "भाकरीसाठी ख्रिस्ती झाले" हा शिक्का मात्र इथल्या मंडळीवर आणि तिच्या मराठी पाळकांवर राहिला. भुकेल्याला लगेच बाप्तिस्मा दिला तर विकत घेतलं म्हणणार, थांबवलं तर दारातून परतवलं म्हणणार. बरोबर उत्तर कुठलं, ते मलाही सांगता येणार नाही.

आणि बाप्तिस्म्याची वही. तू हे कधी ऐकलं नसशील, कारण घरात आम्ही बोलतच नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणून आपल्याकडे कित्येक घरांचा कागद एकीकडे आणि रविवार दुसरीकडे. असं घर पाळकाला सांगतं, "बाप्तिस्मा द्या, पण वहीत नाव नको." नाव लिहिलं तर पोराच्या जातीच्या दाखल्यावर हरकत येऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच दाखल्याचा दावा फेटाळला, तेव्हा पुराव्यात बाप्तिस्म्याची नोंद होती. नाव नाही लिहिलं तर लग्नाच्या वेळी मंडळीचं पत्र देता येत नाही आणि दफनभूमीत जागेवरून भांडण होतं. काही पाळक लिहितात, काही लिहीत नाहीत, काही लिहून वही कपाटात कुलूपबंद ठेवतात. बाहेरून बघणारा याला खोटेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, पण खरेपणा म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आपल्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. सगळ्यांचं ऐकणाऱ्या या माणसाने कुणापाशी बोलायचं, याची सोय आपण कधी केलीच नाही. कमिटी त्याचं काम तपासते, बिशप त्याची बदली करतात, मंडळी त्याचा उपदेश मोजते. तुमच्याकडच्या चर्चमध्ये पाळकांना ठराविक काळाने रजा देतात, समुपदेशक असतो, हे तू सांगितलंस तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तिथे तुझं बरोबर होतं.

सुमनआत्याची नोंद दफनाच्या वहीत आहे: नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, विधी करणाऱ्याची सही. हजर किती होते, याला रकाना नाही. गावी गेलो तर उपासनेनंतर कार्यालय उघडं असतं, मागितली की वही दाखवतात. तुला बघायची असेल तरच.

तुझे,
पप्पा